वैरागच्या विहिरीचा फेस

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो. मास्तरांच्या शिबिरात आम्हाला बजावलं होतं: मुलांचे गट करा, त्यांचं त्यांना शोधू द्या, उत्तर सांगू नका, नुसते प्रश्न विचारा. माझ्यासारख्या तापट माणसाला ही शिक्षाच होती.

साबणाला फेस न येणाऱ्या, म्हणजे कठीण पाण्याचा धडा होता. प्रत्येक गटानं घरचं पाणी बाटलीतून आणलं होतं. ते परीक्षानळीत घेऊन, साबणाचे थेंब टाकून हलवायचं. कुणाच्याच नळीत धड फेस येईना. वैरागच्या पोरानं गावच्या विहिरीचं पाणी आणलं होतं, त्याच्या गटाची नळी मात्र फेसानं भरली. बाटली साबणानं घासून विसळायची राहिली होती, हे मला वासावरूनच कळलं. पण सांगायची चोरी!

दात-ओठ खात मी म्हणालो, "आता बाटलीतलं पाणी नव्या नळीत घ्या, नि साबण न टाकता हलवा बरं. काय दिसतं?"

तरीही फेस आला. गटानं डोक्याला डोकं लावून बराच वेळ कुजबुज केली. मग वैरागकर छाती काढून उभा राहिला.

"सर, आमच्या हिरीच्या पाण्याला साबन लागतच न्हाय की!"