पापणीला लावलेलं अंडं

जगातली कोणतीही वस्तू गार होऊ द्यायची नाही, या एका तत्त्वावर आमच्या शेजाऱ्यांनी उभं आयुष्य काढलं. घाटकोपरच्या चाळीत माझ्या खोलीच्या डावीकडे ते राहत. सगळी नोकरी गिरणीच्या बॉयलरवर झालेली. संपात गिरणी बंद पडली, ते घरी बसले, पण त्यांच्यातला बॉयलर काही विझला नाही. चहा ते उकळता तोंडाला लावत. कुणी बशीत ओतून फुंकर घातली, तर समोरच्याने ताटाला पाय लावल्यासारखा चेहरा करत. पाहुणा यायचा असला की त्याच्या खुर्चीवर आधी स्वतः बसून ती गरम करून ठेवत. सकाळच्या पेपरला इस्त्री करत. मी वर्तमानपत्रात नोकरीला, म्हणून एकदा तो मुद्दाम मला आणून दिला. "पेपरवाले, तुमची बातमी गारठली होती. आता वाचा." जानेवारीत ते ट्रान्झिस्टरला मफलर गुंडाळत. गारठ्याने त्याचा आवाज बसतो, असं त्यांचं मत होतं. सेल संपलेत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "सेल कशाने संपले, ते सांगा ना," ते म्हणाले.

त्यांना विरोध करणारी एकच व्यक्ती होती, त्यांची बायको. "ह्येंका आवशीन चुलीतच जल्माक घातल्यान," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तिने गावाहून एक गावठी कोंबडी आणली होती. ती खाटेखाली डालग्यात राही आणि दिवसा चाळीच्या मागे चरायला जाई. या कोंबडीने एकदा गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांवरून शांतपणे एक फेरी मारली. पापड माझ्या उजवीकडे राहणाऱ्या गुजराती बेनचे होते, आणि बेनच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. तिने सगळे पापड टाकून दिले आणि डावीकडच्या खोलीशी बोलणं सोडलं.

दिवाळीनंतर शेजाऱ्यांची बायको आजारी पडली आणि हॉस्पिटलातून परत आली नाही. शेवटच्या वेळी मी तिथे होतो. तिचे हात गार पडल्यावरही ते चोळत राहिले. नर्सने दोनदा सांगितलं, मग त्यांचे हात धरून बाजूला केले. ते एवढंच म्हणाले, "जरा वेळ द्या, येईल ऊब."

थंडीत तिची कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली, आणि पिल्लं निघायच्या आत बोक्याने तिला उचललं. मागे अंडी राहिली. शेजाऱ्यांनी साबणाचं लाकडी खोकं आणलं, आत भुसा भरला, वर बल्ब सोडला. बायको अंड्याची ऊब पापणीला लावून बघत असे, तसं ते दर थोड्या वेळाने एकेक अंडं काढून डोळे मिटून पापणीला लावत. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

एके दिवशी सकाळी रस्त्याखालची केबल जळाली आणि खोक्यातला बल्ब विझला. वायरमन आले, खड्ड्यात डोकावले, आणि संध्याकाळ होईल म्हणाले. हवेत चांगलाच गारठा होता. शेजाऱ्यांनी बायकोचं जुनं लुगडं पोटाला गुंडाळलं, त्याच्या घडीत अंडी बसवली, वर गरम पाण्याची रबरी पिशवी बांधली आणि दारात पाट टाकून बसले. निम्मी अंडी उरली. मी हात पुढे केला. त्यांनी तो चाचपून पाहिला आणि परत दिला. "मढ्यासारखो गार आसा. तुमचा काम नाय."

गॅलरीत उभी राहून बेन हे बघत होती. उरलेल्या अंड्यांकडे बोट करून तिने मला विचारलं, "दिवस भरले काय त्यांचे?"

"भरत आलेत," मी म्हणालो.

"म्हणजे अंदर जीव आहे." तिने मागे आपल्या उंबऱ्याकडे पाहिलं. "घरात नाय घेणार मी. इथे बसते."

तिने आपल्या उंबऱ्याबाहेर चटई टाकली आणि पदर पसरला. अंडी मी नेऊन दिली. आपली वेगळी ओळखू यावीत म्हणून तिने प्रत्येकावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि पदराची घडी पोटाशी घेतली. दोघं एकमेकांकडे न बघता बसली. मध्ये माझं दार होतं, म्हणून निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

"पेपरवाले, तिला सांगा, मधून मधून फिरवायची असतात."

"भाऊला सांगा, मी तीन पोरं वाढवलीत."

"सांगा, कोंबडीची नाही वाढवली."

"सांगा, पापड कोणी तुडवले ते मी विसरले नाय."

दुपारी बेनच्या घरच्यांनी आपल्या हाताने वाढून घेतलं. शेजाऱ्यांच्या पिशवीतल्या पाण्याला मात्र कोमट व्हायलाही सवड मिळत नव्हती. ते मला हाक मारत, मी स्टोव्हवर पाणी उकळून आणी. फार कढत होतंय का, असं मी विचारलं. त्यांनी एक अंडं काढून पापणीला लावलं. "गारच आसा. आणा तुम्ही."

आयुष्यभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या त्या पापणीवर मी विश्वास ठेवला.

दिवेलागणीला लाइट आली. अंडी खोक्यात परत गेली. बेन उठली, पदर झटकला आणि आंघोळीला गेली.

त्याच आठवड्यात कुंकवाच्या अंड्यांतून दोन पिल्लं बाहेर आली. उरलेली तशीच राहिली. शेजाऱ्यांनी आणखी काही दिवस वाट पाहिली, मग एक अंडं फोडून बघितलं. मी दारात उभा होतो. "शिजली, पेपरवाले," ते म्हणाले. "माझी सगळी शिजली." आणि बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅलरीत उकिडवे बसले होते. समोर बेनच्या घरची वाटी होती. तिने पिल्लांसाठी मऊ भात पाठवला होता, त्यातून वाफ निघत होती. पिल्लं पायाशी चिवचिवत होती. त्यांनी दोन शितं बोटावर घेतली आणि सवयीने तशीच पुढे केली. मग हात मागे घेतला. बोट ओठांजवळ नेलं, आणि हलकेच फुंकर घातली.