एकोणिसाव्या मजल्यावरून दिसणारा रस्ता

पावसात शाळा बंद ठेवायची की नाही, हे फार विचार करून ठरवलं जातं असं पालकांना वाटतं. वाटू दे. कलेक्टरचा किंवा महापालिकेचा आदेश रात्रीच आला तर प्रश्न मिटतो. नाही आला, तर पहाटे आमचे ट्रस्टी त्यांच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत येतात आणि खाली बघतात. रस्ता दिसला की शाळा चालू. एकोणिसाव्या मजल्यावरून रस्ता नेहमीच दिसतो.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. पावसाळ्यात शाळेचा मोबाइल माझ्या घरी असतो. त्यात दोन मेसेज आधीच टाइप केलेले असतात, एक बंदचा, एक चालूचा. दोन्ही इंग्रजीत, आणि दोन्हींत मुलांच्या सुरक्षेची काळजी आहे. मी फक्त सांगितलेला पाठवायचा. कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला आवडायचं.

गेल्या पावसाळ्यात एकदा निरोप यायच्या आधीच फोन वाजला. समुद्रकाठच्या उत्तन गावाहून पहिलीतल्या एका मुलीची आई बोलत होती. घरची बोट, ही मासळी सुकवते.

"मॅडम, आज शाळा हाय का?"

"अजून कळवलेलं नाही."

"आज अवस हाय. दुपारी मोठी भरती, त्यात हा पाऊस. राईकडचा रस्ता बुडणार. पोर येईल सकाळी, पन परत कशी येईल? सायबांना सांग ना गं बाय."

अमावास्येच्या भरतीवर मी शाळेत पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, आकृतीसकट. पाचपैकी पाच मिळाले होते. ते पाणी कुणाच्या तरी घरच्या वाटेवर चढतं, हे त्या उत्तरात कुठेच नव्हतं.

मी प्रिन्सिपल मॅडमना फोन केला.

"अगं, आपली शाळा सकाळची आहे," त्या म्हणाल्या. "तू दुपारचं काय घेऊन बसलीस?"

सकाळी आलेली मुलं दुपारी घरी जातात, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी "ओके मॅडम" म्हटलं. मग त्यांनी ट्रस्टींचा व्हॉइस मेसेज पुढे पाठवला: "यहाँ तो कुछ भी नहीं है. रस्ता एकदम क्लिअर. बच्चों को छुट्टी की आदत मत लगाओ."

मी चालूचा मेसेज पाठवला आणि त्या आईलाही कळवलं.

"मग पाठवते," ती म्हणाली. "मागल्या खेपेला गैरहजेरीची चिठ्ठी आली व्हती."

ती चिठ्ठी मीच टाइप केली होती.

दुपारी शाळेची बस उत्तनच्या वाटेवरच्या राई गावापर्यंत गेली आणि रस्त्यावर पाणी बघून परत फिरली. बसमधल्या बाकीच्या मुलांना जवळचे नातेवाईक येऊन घेऊन गेले. ती पहिलीतली मुलगी एकटी उरली. माझ्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होती, ओले मोजे मांडीवर.

"टीचर, मम्मी इकडे येणार की मी तिकडे जाणार?"

मी टीचर नाही, एवढंच मला सांगता आलं असतं. मी तिचे मोजे पंख्याखाली वाळत टाकले. प्रिन्सिपल मॅडम छत्री शोधून घरी गेल्या. ट्रस्टींनी ग्रुपवर लिहिलं, कुणी घाबरू नये, परिस्थिती नियंत्रणात आहे. कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

ओहोटी लागल्यावर चारच्या सुमारास आई आली, कमरेपर्यंत भिजलेली. पोरीला कडेवर घेतलं आणि मला विचारलं, "सायबांना सांगितलंस?"

"प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं."

"मग?"

"साहेबांना वरून पाणी दिसलं नाही."

ती हसली. "त्याला कसं दिसंल? माझी पोर त्याच्या बाल्कनीतून घरी जाते काय?"

पुढच्या पौर्णिमेला परत तशीच मोठी भरती होती आणि तसाच पाऊस लागला. ट्रस्टी बाल्कनीत यायच्या आत मी माझ्या स्वतःच्या फोनवरून उत्तनला फोन लावला.

"आज पाठवू नका."

"शाळा बंद हाय?"

"चालूच ठेवतील. तुम्ही पाठवू नका. चिठ्ठी येणार नाही."

मग नेहमीप्रमाणे शाळा चालू ठेवायचा निरोप आला आणि मी चालूचा मेसेज सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी गैरहजेरीच्या चिठ्ठ्या टाइप केल्या. तिची केली नाही. प्रिन्सिपल मॅडमनी गठ्ठ्यावर न वाचताच सह्या केल्या, नेहमीसारख्या.