चार खिळ्यांचं तोरण
बाजारात आंब्याच्या डहाळ्यांचा ढीग दिसला, की त्यांच्या तुरट वासानं मला वडसा गावातली ती दिवाळी आठवते. बाबा त्याच उन्हाळ्यात गेले होते. आईनं सकाळी आंब्याची पानं, झेंडू आणि नव्या धानाच्या लोंब्यांचं तोरण दाराला बांधलं. शेजारीच राहणारी मोठी आई, म्हणजे बाबांची वहिनी, तरातरा आली आणि तिनं ते ओढून तोडलं. "वरीस नाई झालं, अन् तोरण बांधून राह्यली? लोकं काय म्हणतीन?" आई चपला घालून बाजारात गेली, हिरव्या प्लास्टिकच्या पानांचं तोरण घेऊन आली आणि चौकटीवर चार खिळ्यांनी ठोकलं. मग खाली पडलेले झेंडू आणि लोंब्या वेचून एकेक त्यात खोचल्या. आवाज ऐकून शेजारणी जमल्या, मोठी आईही परत आली. आई हातोडी धरूनच म्हणाली, "बाई, हे माह्या लेकरायचं घर हाय. आता हात लावून पाहा." मोठ्या आईनं लावला नाही. मी मात्र लाजेनं आत पळाले. आईच्या तेव्हाच्या वयाची झाल्यावर आज वाटतं, दारात तिच्या बाजूला उभं राहायला हवं होतं.