खालचा गट

बडनेऱ्याहून अकोल्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत एक गृहस्थ मला रोज भेटत. नाव मी कधी विचारलं नाही. शेजारी कोणी मोबाइलवर कॅरम खेळताना दिसला, की ते आधी खोकत आणि मग म्हणत, "भाऊ, सगळ्यात खालच्या गटात या ना. तिथी कोनीच नाही." लोक हसत. त्या खेळात जिंकत गेलं की वरचा गट मिळे, आणि सगळ्यांना वरच चढायचं असे.

एकदा मी विचारलं, "खालीच काहून?"

"माया बहिणीचा उजवा हात लकव्यानं गेला. आमच्याच घरी, भातकुलीले असते. डाव्या हातानं खेळते. वरचे तिले टिकू देत नाहीत, अन् खाली समोर कोनी भेटत नाही. वाट पाहून राहते."

"मग तुम्हीच खेळा तिच्याशी."

"मी मुद्दाम हरतो. तिले समजते."

मी त्या गटात शिरलो. पहिलाच डाव तिच्याशी पडला आणि मी जिंकलो. मला ओशाळल्यासारखं झालं, पण ते खुशीत म्हणाले, "बरं केलं. आता चिडून दुसरा मांडते, पहा." तिनं लगेच मांडला.

दिवाळीनंतर खेळाच्या कंपनीनं तो गटच बंद केला. खेळणारे फार कमी होते म्हणे. त्यानंतर ते भेटले, तेव्हा खिडकीबाहेर बघत बसले होते. मी बहिणीचं विचारलं.

"वरच्या गटात टाकलं तिले. दोन डाव खेळली, अन् मोबाइल माया बायकोले देऊन टाकला."

"आता ताई काय करतात दिवसभर?"

"बसते," ते म्हणाले.