मान वर करून म्हण

"येत नाही? मग तसं म्हण. पण मान वर करून म्हण."

आमच्या शाळेत माझी तिसरी आणि बाईंची चौथी यांच्या मध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. त्यामुळे पलीकडच्या बाईंचं हे वाक्य मला दिवसातून पाच-सहा वेळा ऐकू यायचं. बोलताना त्या खडूने पांढरं झालेलं बोट पोराच्या हनुवटीखाली लावून त्याची मान वर करायच्या. शाळा सुटली की चौथीतल्या निम्म्या हनुवट्या पांढऱ्या दिसायच्या. पोरांना त्याचं काही वाटत नसे. लाज वाटायची ती मला, शेजारच्या मास्तराला.

माझं नोकरीचं ते दुसरं वर्ष. गाव नेवाशाच्या अलीकडचं, आणि साल बहात्तरच्या दुष्काळाचं. बाई पन्नाशीच्या, नगरच्या ख्रिस्ती वस्तीत वाढलेल्या. सुती पातळ, पायात जाड वहाणा आणि हातात पुरुषी छत्री. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. लांबून येताना दिसली की आपण उगाच सदऱ्याची बटणं तपासतो.

त्या वर्षी वरून कागद आला. आठवड्यातून दोन तास नीतिपाठाचे घ्यायचे आणि त्याचं टाचण लिहायचं. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते आदल्या दिवशी वहीत लिहून ठेवणं. मी हौसेने लिहून टाकलं, सोमवारी सत्य, गुरुवारी दया. बाईंनी वेळापत्रकातले ते दोन रकाने कोरे ठेवले. हेडगुरुजींनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गुरुवारी दया शिकवली, तर शुक्रवारी पोरांनी काय करायचं?"

हेडगुरुजी भला माणूस, पण कागदाला घाबरणारा. ते डोक्याला हात लावून बसले.

नीती शिकवत नव्हत्या असं नाही. तट्ट्याच्या अलीकडे बसून मी ऐकत होतो ना. पुस्तकात दुधाचं गणित होतं. गवळ्याने दुधात इतकं पाणी घातलं, तर नफा किती? बाई ते नीट सोडवून घ्यायच्या आणि उत्तराखाली आणखी एक ओळ लिहायला लावायच्या, 'हे दूध कोण प्यालं?' पोरं लिहायची, तान्हं बाळ, आजारी आजा. गावातला एक दूधवाला तावातावाने शाळेत आला, की बाई माझ्या धंद्यावर शिकवतात. बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पुस्तक उघडून दाखवलं आणि गणित सरकारी आहे, मी फक्त पुढचं विचारलं, असं शांतपणे सांगितलं. तो पुस्तक उलटंपालटं करून गेला.

विज्ञानाच्या तासाला डब्यांत मटकी पेरली होती. एकाने शेजाऱ्याचा कोंब उपटून आपल्या डब्यात खोचला. बाई रागावल्या नाहीत. त्याच्याकडून वहीत 'उगवलं नाही' एवढंच लिहून घेतलं आणि का उगवलं नसेल ते शोधायला सगळा वर्ग त्याच्या डब्याभोवती बसवला. त्या तासाला पोरं सगळ्यात जास्त शिकली ती त्या रिकाम्या डब्यावरून, हे मला आज कळतं. तेव्हा मी हसलो होतो.

मग तपासणीची तारीख आली. शिक्षण खात्याच्या तपासणी साहेबांना गाव अजून इंग्रजी अमदानीतल्या डेप्युटीवरून दिपोटीच म्हणायचं. दुष्काळामुळे निम्मी पोरं आईबापांबरोबर पाझर तलावाच्या कामावर जात होती, अभ्यास पार मागे पडला होता. हेडगुरुजींनी जुनी युक्ती काढली. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मास्तरने साहेबांना उजव्या हाताचं पोर सुचवायचं. मी दोन दिवस तिसरीकडून याचा सराव करून घेतला. सोमवारचा सत्याचा तास त्यातच गेला.

बाई म्हणाल्या, माझ्या वर्गात हे होणार नाही. बदली होईल, असं हेडगुरुजींनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी छत्री उचलली आणि वर्गावर गेल्या.

साहेब आधी माझ्याकडे आले. एकूण एक हात वर. साहेब खूश, मला शेरा 'उत्तम'. मग ते तट्ट्यापलीकडे गेले. पाऊण म्हणजे चारातले किती भाग, त्यांनी विचारलं. सहा-सात हात वर झाले असावेत. बाकीचे खाली. साहेबांनी मुद्दाम खालच्या हातांतली एक मुलगी उभी केली.

मी तट्ट्याच्या फटीला डोळा लावला होता. पोरीने स्वतःच मान वर केली.

"येत न्हाई, साहेब. ते शिकवलं तवा मी तळ्याच्या कामावर गेल्ते."

साहेब बाईंकडे वळले. "वर्षभर काय शिकवलंत तुम्ही?"

"हेच शिकवलं, साहेब," बाई म्हणाल्या. "पाऊण उद्या शिकवते."

नंतर नीतिपाठाच्या टाचणाची मागणी झाली. हेडगुरुजींनी शेवटचा उपाय म्हणून कोरी वही पुढे केली. मागच्या तारखा घालून आज लिहून द्या, साहेब थांबतील, असं ते म्हणाले. बाईंनी वही हातात घेतली, पहिलं पान पाहिलं आणि परत दिली. "नीतीचं टाचण, आणि तारखा खोट्या?"

बाईंची बदली नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या डोंगरात झाली, एकशिक्षकी शाळेवर. एस.टी.च्या फाट्यावर मी त्यांची ट्रंक घेऊन गेलो. गाडी दिसली तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गुरुजी, तुमच्या वर्गात डावे हात किती होते?"

मी मोजले नव्हते. मला तेवढंही येत नव्हतं, आणि मान वर करून तसं म्हणताही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांचाच प्रश्न पुन्हा विचारला आणि मोजले. एकतिसांपैकी बावीस. फळा पुसला आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली.

पुढच्या वर्षी साहेब आले, तेव्हा माझ्या वर्गात नऊ पोरांचे हात खाली राहिले. मागच्या वर्षी तर सगळे वर होते, साहेब म्हणाले. मी म्हणालो, "मागच्या वर्षी मी पोरांना खोटं शिकवलं होतं, साहेब. हे नऊ खरे आहेत."

महिन्याभरात माझाही बदलीचा कागद आला. घाईघाईने गावाचं नाव वाचलं. अकोल्याकडचं नव्हतं. वाईट वाटलं ते तेवढंच.