व्याह्यांनी लिहिलेलं बावखल

आमच्या विहिरीवरच्या पंपाने मला आजवर तीनदा शॉक दिलाय, आणि त्यातल्या एकदा तर मी केळीच्या खुंटावर जाऊन आडवा झालो होतो. पण माझ्या व्याह्यांनी मला जितके धक्के दिले तितके ना पंपाने दिले, ना सरकारने, ना नशिबाने. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. मूळ माणूस कोकणातला, नोकरी मुंबईत, ती सगळी एका ऑफिसात आणि एकाच टेबलावर. आता उमेळ्याला, जिथं पूर्वी चिकूच्या वाड्या होत्या, तिथं दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. मी सांडोर गावचा वाडीवाला, केळीची वाडी करणारा. शिक्षण चौथी, तीही मास्तर कंटाळले म्हणून पास. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही. तलाठ्याचं नाही, डॉक्टरचं नाही, भावाचं तर नाहीच नाही. पण मुलीच्या सासऱ्याला मान द्यायचा, त्यांचं चुकलं तरी ‘बरोबर आहे’ म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तेव्हा दिवसाआड ज्याच्यावर ओरडावंसं वाटावं आणि ओरडता येऊ नये, असा नेमका माणूस देवाने हुडकून माझ्या पदरात टाकला.

रिटायर झाल्यावर माणसं गुडघे चोळत बसतात. यांनी मुलाकडून कॉम्प्युटर घेतला आणि एक दिवस आमच्या ओटीवर बसून चहा पिता पिता मला सांगितलं, “व्याही, मी आता ब्लॉग लिहितो.”

“ते काय असतं?”

“असं समजा, आपली रोजनिशी आहे. ती गावच्या पारावर उघडी ठेवायची. येईल त्याने वाचायची, आणि वाटलं तर खाली आपलं मत लिहून जायचं.”

मी बशी खाली ठेवली. घरातलं बोलणं खिडकीबाहेर जाऊ नये म्हणून मी जन्मभर हळू बोललो, आणि हा माणूस आपली वही पारावर ठेवतोय! मी विचारलं, “आणि विहीणबाईंनी वाचलं तर?”

“तेवढी एकच वाचत नाही,” ते बोलले. हे बोलताना त्यांचा चेहरा जरा पडला.

मी नेटवर नाही म्हणून माझ्यासाठी ते आठवड्याचं सगळं मोठ्या अक्षरात छापायचे, प्लास्टिकच्या फायलीत घालायचे आणि रविवारी स्वतः आणून द्यायचे. वर्गणी भरल्यासारखं मी ते वाचायचं. नाही वाचलं तर लेकीला विचारायचे, “तुझ्या बाबांचं काही मत?” त्यामुळे बोट लावून लावून मी वाचायला लागलो आणि या माणसाला दुनियेतल्या कशाकशावर बोलायचं असतं ते बघून थक्क होत गेलो. टाइप करायचे एका बोटाने. त्यात वीज जायची. मग अर्धा लेख गेला म्हणून जिन्यात उभे राहून वर-खाली करणाऱ्या सगळ्यांना तो गेलेला अर्धा लेख तोंडी सांगायचे.

राजकारणावर लिहायचे तेव्हा त्यांच्या अंगात वारं यायचं. एकदा त्यांनी एका पुढाऱ्यावर असा काही लेख ठोकला की तो वाचून मला घाम फुटला. छापून झाल्यावर त्यांनाही फुटला असावा, कारण दोन दिवस ते दाराला कडी लावून घरात बसले. दूधवाल्यालासुद्धा खिडकीतून विचारून आत घेतलं. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले ते अगदी उतरलेले. मी घाबरून विचारलं, “काय झालं? कोण आलं होतं का?”

“कोणी नाही आलं, व्याही,” ते खिन्न होऊन बोलले. “साधी धमकीसुद्धा नाही.”

क्रिकेटचं वेगळंच. मॅच टीव्हीवर लावायची, आवाज बंद करायचा आणि समालोचन स्वतः करायचं. मग रात्री जेवण्याआधी कर्णधाराला जाहीर सल्ला लिहायचा. एकदा यांनी लिहिलं की अमक्याला तिसऱ्या नंबरावर पाठवा, आणि काय योगायोग, दुसऱ्या दिवशी तो खरंच तिसऱ्या नंबरावर आला. आमचे व्याही पेढे घेऊन सांडोरला हजर! “ऐकलं हो त्याने माझं!” तो गडी पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. पेढा तोंडात होता आणि नातंही नाजूक होतं.

प्रवासवर्णन हा त्यांचा तिसरा छंद, फक्त ते प्रवास करत नसत. गुडघ्यांमुळे लांब जाणं व्हायचं नाही. तेव्हा एकदा ते मला आणि आमच्या हिला घेऊन एसटीने वटारला गेले. वटार आमच्यापासून किती लांब? मी बैलगाडीने केळी घेऊन कितीदा गेलोय. पण यांनी त्यावर तीन भाग लिहिले. पहिला भाग संपला तरी आमची एसटी स्टँडवरच उभी होती. दुसऱ्या भागात कंडक्टरचं बालपण. तिसऱ्या भागात वटार आलं, पण तिथल्या वाडीत एका बाईने दिलेल्या सुकेळ्यांवरच सगळी जागा गेली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवली की सुकेळी होतात, हे मला जन्मापासून ठाऊक. पण ते वाचताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, हे मी इथं कबूल करतो. त्यांच्या तोंडावर केलं नाही.

इथवर सगळं दुसऱ्यांचं होतं. मग एका रविवारी लेकीने ओटीवर फाईल उघडली आणि वाचता वाचता पदर तोंडाला लावला. लिहिलं होतं, ‘आमचे व्याही चपला हातात घेऊन चालतात, झिजू नयेत म्हणून.’ मी जागच्या जागी थिजलो. अमेरिकेत बसलेल्या माणसाला माझ्या चपला कळल्या! मी उठलो, उमेळ्याला जाऊन जाब विचारतो म्हणून निघालोही. आमची ही दारात आडवी झाली.

“गप बसा. पोरगी दिलीय तिथं.”

“म्हणून काय माझ्या चपला पण दिल्यात?”

“मग पायात घाला. कोण नको बोलतंय?”

शेवटी लेकीने सासऱ्यांच्या कानावर घातलं. आता त्यांचा एक बाणा होता. लिहिण्यात चूक झाली तर लपवायची नाही, दुसऱ्याच दिवशी ‘दुरुस्ती’ असं मोठं लिहून कबूल करायची. त्याप्रमाणे दुरुस्ती आली. ‘आमचे व्याही चपला हातात नव्हे, काखेत धरून चालतात. चुकीबद्दल दिलगीर आहे.’

आता बावखलाचं सांगतो. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, आजूबाजूच्या विहिरींत झिरपतं, आणि त्या पाण्यावरच आमच्या केळी आणि पानवेली उभ्या राहिल्या. आमचं बावखल माझ्या आजोबांनी खणलं, एका बाजूला दगडी पायऱ्याही घातल्या. पण त्यातला गाळ काढायला आता माणसं मिळत नाहीत आणि माझी कंबर वाकत नाही. पुतण्यांनी त्यांचं बावखल भराव टाकून बुजवलं आणि वर स्लॅबचं घर बांधलं. दर पावसाआधी कौलं शेकारून आमची ही थकली होती, तिलाही तसंच घर हवं होतं. जमिनीचा एजंट दोन वर्षं फेऱ्या मारत होता. शेवटी मी त्याला शब्द दिला की दिवाळी झाली की मातीचे ट्रक येऊ देत. घरात हे फक्त तिला आणि मला माहीत.

आणि नेमके त्याच महिन्यात व्याही एका दुपारी बावखलाच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, वही घेऊन बसले. कुणी खणलं? किती खोल? मासे कुठले? मीही रंगात आलो. पोहायला शिकताना आजोबांनी मला कमरेला सुके नारळ बांधून ढकललं होतं, ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “शेजारची बुजली. तुम्ही नाही बुजवलंत?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मी जिवंत असेपर्यंत यात मातीची एक पाटी पडू देणार नाही!”

का बोललो, देव जाणे. कुणी वही घेऊन समोर बसलं की माणसाची छाती आपोआप फुगते. वाटलं, वटारच्या कंडक्टरसारखं हेही कुणी वाचणार नाही.

लोकांनी वाचलं. रविवारी फाईल आली ती जाड. विरारच्या एका मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं की मुलांना घेऊन बघायला येते. पुण्याच्या कुणी मला साष्टांग नमस्कार घातला होता. आणि एका बाईने ऑस्ट्रेलियातून लिहिलं होतं, ‘मी सांडोरचीच. अशाच बावखलात पोहायला शिकले. ते आता राहिलं नाही. तुमच्या व्याह्यांना सांगा, त्यांचं आहे हे वाचून मी आज पोटभर रडले.’ मला दरदरून घाम आला. पाठोपाठ मास्तरीणबाई पोरांना घेऊन आल्याच. पोरांनी मला टाळ्या वाजवल्या! आमची ही ओटीच्या खांबाला टेकून माझ्याकडे नुसती बघत होती. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दिवाळी आठवड्यावर आली. एजंटाचा निरोप आला की ट्रक ठरले. मी चपला पायात घालून उमेळ्याचे दोन जिने चढलो आणि व्याह्यांना सरळ सांगितलं, “ते खोडून टाका. मी खोटं बोललो. बावखल बुजवायचं ठरलंय, तुम्ही आलात त्याच्या आधीच.”

इतकी वर्षं त्यांनी मला धक्के दिले, त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना दिला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता नातं गेलं, लेकीला सोसावं लागणार. मग ते सावकाश कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले.

“खोडता येणार नाही, व्याही. लोकांनी वाचलंय. आपण दुरुस्ती देऊ.” आणि एका बोटाने ते टिपायला लागले. ‘दुरुस्ती. बावखलाविषयी मागे जे लिहिले...’ तिथं थांबले. “सांगा. कधी बुजवताय? तारीख लागेल.”

तारीख मला पाठ होती. पण ती जिभेवर येईना. त्यांचं बोट बटणाच्या वर अधांतरी. विहीणबाई चहा ठेवून गेल्या, तो निवला. बुजवू नका असं ते एकदाही बोलले नाहीत. बोलले असते तर मी हट्टाने दुसऱ्याच दिवशी बुजवून दाखवलं असतं. ते नुसते थांबले होते, माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत.

“राहू दे,” मी बोललो. “यंदा नको.”

“यंदा दुरुस्ती नको, की बुजवणं?”

“दोन्ही नको.”

“मग हे तसंच अर्धं ठेवतो,” ते बोलले. “लागलं तर आहे.”

एजंट घरी येऊन तणतणला. “काका, जबान दिली होती तुम्ही! सांडोरात तुमच्या शब्दाला किंमत होती.” मी मान खाली घातली. आजवर कुणापुढे घातली नव्हती. एक शब्द मोडल्याशिवाय दुसरा पाळता येत नव्हता, आणि दुसरा तर मी खोटाच दिला होता. हिने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी बोलली ती इतकंच, “लिहिणार व्याहीबुवा, ते खरं करणार तुम्ही, आणि कौलं शेकारणार मी.” त्या वर्षी कौलांवर मी चढलो. तिने खालून शिडी धरली आणि तोंडही सोडलं.

तेव्हापासून दर दिवाळीला व्याही फराळाला यायचे, चकली मोडायचे आणि हळूच विचारायचे, “काय, ती दुरुस्ती पुरी करू का?” मी म्हणायचो, “यंदा नको.” अशा किती दिवाळ्या गेल्या. गाळ तेवढा मी भांडून-तंडून माणसं आणून दर उन्हाळ्यात काढत राहिलो.

मागच्या वर्षापासून व्याह्यांना दिसेनासं झालंय. डोळ्यांच्या मागची काही नस सुकली, उपाय नाही म्हणतात. ब्लॉग थांबला. लेकीने एकदा विचारलं, “नाना, तुम्ही सांगा, मी टाइप करते,” तर बोलले, “माझं बोट आणि माझं डोकं, मध्ये तिसरं कुणी नको.” इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. रविवारी आता फाईल येत नाही. जावई त्यांनाच रिक्षाने आणून सोडतो. मी हात धरून त्यांना बावखलाच्या वरच्या पायरीवर बसवतो आणि बाजूला बसतो. राजकारण, क्रिकेट सगळं बोलून होतं. सांडोरात एवढी जुनी झाडं गेली, पण या एका जागी गारवा अजून तसाच आहे.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, “पाणी किती आहे हो?”

वैशाख चाललाय, पाणी पार तळाला गेलंय. मी बोललो, “भरपूर आहे. चार पायऱ्या बुडाल्यात.”

त्यांनी पायाने खालची पायरी चाचपली. मग पाण्याच्या दिशेला तोंड करून बोलले, “व्याही, खरं ते सांगा. आता दुरुस्ती द्यायला मला दिसत नाही.”

मी चपला काढल्या, कंबर धरून एकेक पायरी मोजत खाली उतरलो आणि पाण्याला पाय लागला तिथून ओरडून त्यांना खरा आकडा सांगितला.