बाई आणि सभागृहातली ताटं

मी रिसोडला माहेरी होते. सकाळी ओसरीवर चहा घेत असताना यांचा फोन आला. "वहिनी गेली," एवढंच म्हणाले आणि मग नुसता माणसांचा गलका ऐकू येत राहिला... बाई चहा ठेवायला उठल्या आणि ओट्यापाशीच खाली बसल्या, त्या परत उठल्याच नाहीत. तेवढ्यात हे आवाज खाली करून म्हणाले, "परवा सभागृहात लगन हाय. लगनघरचे इचारून राह्यले, ताटांचं कसं करायचं?" बाईंना अजून अंगणातही आणलं नव्हतं.

कुसुमबाई माझ्या थोरल्या जाऊ. मी त्यांना बाई म्हणायची. आमचं गाव आसेगावकडच्या रस्त्यावरचं, लहानसं. देवीच्या देवळाला लागून गावानं वर्गणी करून सभागृह बांधलं, आणि सप्ताह, लग्न, बारसं, तेरवी, सगळं तिथंच होऊ लागलं. प्रत्येक जेवणावळीनंतर मागच्या बाजूला थर्माकोलच्या पत्रावळींचा ढीग साचायचा. वारं सुटलं की त्या शेजारच्या सोयाबीनमध्ये जाऊन अडकायच्या. ढीग पेटवला की काळा धूर कीर्तनाच्या मंडपात शिरायचा आणि बुवा पदर... म्हणजे उपरणं नाकाला लावून अभंग म्हणायचे. हे सगळ्यांना दिसत होतं. पण एका नवरात्रात देवीच्या स्नानासाठी विहिरीतून पाणी शेंदताना बाईंच्या बादलीत प्लास्टिकचा ग्लास आला, खालून थोडी भाजी चिकटलेला. बाईंनी ते पाणी ओतलं, परत शेंदलं, परत तेच. त्याच आठवड्यात दारोदार जाऊन त्यांनी घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं सभागृहाला एकेक स्टीलचं ताट मागितलं. लोक देवीला नाही म्हणाले नसते, बाईंनाही नाही म्हणाले. ताटांवर नावं कोरून आली. माझ्या सासऱ्यांच्या नावाचं ताट पहिलं.

पुढचं एकातून एक निघत गेलं. ताटं आली तर धुवायला पाणी लागणार, आणि वैशाखात आमच्याकडे पाणी कुठलं! लग्नं तर तेव्हाच. मग बाईंनी ताटं आधी राखेनं कोरडी घासायची आणि मग पाण्याच्या दोन टोपांत बुचकळून काढायची रीत बसवली. ते पाणी केळींना जाई. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी विहिरीत सोडायला पन्हाळी बसवून घेतली. हार-फुलं नदीत न टाकता खड्ड्यात, उष्टं दुसऱ्या खड्ड्यात. दोन-तीन वर्षांत विहिरीचं पाणी नितळ झालं. बाहेरगावची माणसं पाहायला येऊ लागली, फोटो काढू लागली. त्या काळात बाई खरंच खुशीत असायच्या. घासलेली ताटं उन्हात ओळीनं मांडली की कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहायच्या.

पण गावानं हळूहळू एक गोष्ट धरून ठेवली... हे काम बाईंचं. सुरुवातीला घासायला गल्लीतल्या बाया यायच्या, मीही असायची. मग कोणाची कापणी, कोणाच्या पोराची परीक्षा. उरायच्या बाई, मी आणि कधीमधी एखादी म्हातारी. पुरुषमंडळी हात धुऊन पान खायला ओट्यावर बसायची आणि पाहुण्यांना सांगायची की आमच्या गावात प्लास्टिक चालत नाही.

बाईंचा मुलगा पुण्याला असतो. नातू झाला तेव्हा बारशाला जायचं म्हणून त्यांनी पिशवी भरली, बाळंतविडा केला, टोपडं शिवलं. त्याच दिवशी गावात मोठं लग्न निघालं. सभागृह समितीच्या अध्यक्षांनी घरी येऊन अगदी नम्रपणे सांगितलं, "जा तुमी खुशाल. आमी पत्रावळीच आनून घेतो." धमकी नव्हती ती. पण बाई उंबऱ्यात उभ्या होत्या त्या तिथंच खिळल्या. टोपडं त्यांनी कोणाबरोबर तरी पाठवून दिलं. बारसं त्यांनी फोनवर पाहिलं, राखेनं भरलेला हात दूर धरून.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की सोडायचं. समितीच्या बैठकीत जाऊन त्यांनी सांगितलं की गुडघे चालत नाहीत, दम लागतो, आता पाळ्या लावा नाहीतर दुसरं कोणी बघा. मी घरी वाट पाहत होते. त्या परत आल्या तर अंगावर शाल, हातात नारळ. खाटेवर बसल्या आणि बराच वेळ हसतच होत्या, मग हसता हसता रडू लागल्या.

"राजीनामा द्याले गेली होती, शोभा, मी. सत्कार करून दिला."

मी म्हटलं, "तुमी उद्यापासून जाऊच नका."

"अन मंग विहिरीत पुन्हा तेच आलं तं? मले दिसन ना ते. लोकाइले नाई दिसत, मले दिसते..." आणि शालीची घडी घालत, "मीच दार लावलं अन मीच आत राह्यली."

वाशीमच्या डॉक्टरांनी अकोल्याला जाऊन छाती तपासायला सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, सप्ताह होऊन जाऊ दे. सप्ताह यायच्या आधीच त्या गेल्या.

तेरवी त्याच सभागृहात झाली. सकाळी पाहते तर कोपऱ्यात आतून चकचकीत प्लास्टिक लावलेल्या कागदी पत्रावळींचे गठ्ठे. अध्यक्ष म्हणाले, आज घासणार कोण, एक दिवस चालून जाईल. मी भांड्यांची खोली उघडली. "ताटं काढते मी. पन घासनार नाई. जो जेवला त्यानं आपलं घासावं."

दोन-चार जण जेवण न करताच निघून गेले, अजूनही ते आमच्याशी नीट बोलत नाहीत. जेवण झाल्यावर पहिले उठले ते हे. ताट घेऊन राखेच्या घमेल्यापाशी गेले आणि उकिडवे बसले. वहिनीच्या हातचं जेवून मोठा झालेला माणूस, ताट कसं घासतात ते त्याला येत नव्हतं. मग पुण्याचा मुलगा त्यांच्याशेजारी बसला, आणि मग एकेक करत पुष्कळ जण. काहींनी ताटं तशीच ठेवली. ती तशीच राहू दिली मी.

त्यानंतर सभागृहात दोन लग्नं झाली. एका घरानं ताटं घेतली आणि घासून दिली. दुसऱ्यांनी पत्रावळी आणल्या. मागे ढीग पुन्हा लागला आहे, लहान आहे अजून. समितीकडून मला दोनदा निरोप आला, आता तुम्हीच बघा म्हणून. मी हो म्हटलेलं नाही.

परवा दुपारी मात्र गेले. मागच्या बाजूला भिंतीशी बाईंचा बसायचा दगड आहे, वर पोत्याची चौघडी घातलेली. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर बसून घासलं, त्यांच्या जागी कधी बसले नव्हते. बसल्यावर कळलं, तिथून मंडप दिसत नाही, देऊळ दिसत नाही. समोर आवाराची भिंत आणि भिंतीवरून फक्त जाणाऱ्या एसटीचा टप. एक मंगरूळपीरची गेली. थोड्या वेळानं वाशीमची. पोत्याला मधोमध खोलगा पडलेला, माझं अंग त्यात बरोबर बसलं... ते जाणवलं आणि मी उठले.